जुन्या गाडीच्या टाकीतलं शिळं पेट्रोल काढायचंय, कसं काढू?

उघडं_बॉनेट
नमस्कार मंडळी. एक जुनी कार्बोरेटरवाली गाडी हाती आली आहे. कित्येक वर्षं एकाच जागी उभी होती. टाकी पत्र्याची, मागे डिकीखाली. पेट्रोलचा काटा मेलेला आहे, पण गाडीला धक्का दिला की आत डुबुक डुबुक ऐकू येतं, म्हणजे निम्मी तरी भरलेली असणार. झाकण उघडलं तर पेट्रोलचा ओळखीचा वास नाही, आंबूस, वॉर्निशसारखा काहीतरी येतो. शिवाय टाकीच्या खालच्या जोडाला ओल दिसते आहे.

बेत असा: टाकी रिकामी करायची, खाली उतरवायची, आतून धुवायची, जोड झाळून घ्यायचा आणि परत चढवायची. टाकीच्या बुडाला एक बोल्ट दिसतो, तो काढून सगळं एका दमात सोडून द्यावं की वरून नळी घालून काढावं? गाडी सध्या बंद गॅरेजात आहे, टायर बसलेत, ढकलायला माणसं नाहीत. शटर वर करून आतच केलं तर चालेल ना?

जॅक_आणि_ठोकळे
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही चालणार. टायरात हवा भरा, चार शेजारी गोळा करा, पण गाडी उघड्यावर आणा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन शटरातून निघून जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात, गटाराच्या तोंडात, जिन्याखाली जाऊन बसते. तिथे कुठे गिझरची ज्योत असेल, फ्रिजचा थर्मोस्टॅट टिक्‌ करत असेल, तर आग तिकडे लागते आणि वाफेच्या वाटेने तुमच्यापर्यंत येते. गॅरेजात सर्व्हिसिंगचा खड्डा असेल तर गाडी त्याच्यावर उभी करून हे काम अजिबात करू नका.

जागा उघडी, सपाट, सावलीतली. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आधी. थोडा वारा असला तर उत्तम. सायलेन्सर पूर्ण गार हवा, तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही म्हणा. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

तेलकट_हात
एवढं काय त्यात! दोन मीटर नळी घ्या, एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, एक जोरदार ओढ, आलं की कॅनमध्ये सोडा. वर्षानुवर्षं असंच करतोय. चव वाईट लागते, दूध प्यायचं.

रसायनवेडी
@तेलकट_हात, दादा, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा फुफ्फुसात जाणं जास्त घातक असतं. ते पातळ आहे, पृष्ठताण कमी आहे, त्यामुळे ठसका लागला की घोटभरसुद्धा श्वासनळीतून आत पसरतं आणि फुफ्फुसाला रासायनिक सूज येते. म्हणूनच कुणी चुकून गिळलं तर त्याला उलटी करायला लावत नाहीत, कारण वर येताना ते पुन्हा श्वासात जाऊ शकतं. दूध, मीठ-पाणी यातलं काही नको, सरळ डॉक्टर. खोकला किंवा धाप सुरू झाली असेल तर मिनिटही दवडू नये.

त्यात ही गाडी कधीपासून उभी आहे कुणास ठाऊक. जगात गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं पूर्ण बंद झालं ते २०२१ मध्ये. बहुतेक देशांत त्याच्या बरंच आधी बंद झालं होतं, पण फार जुन्या टाकीत शिसंयुक्त पेट्रोल असू शकतं. ते संयुग कातडीतूनही शरीरात जातं. बेन्झीन तर आजच्या पेट्रोलमध्येही थोडं असतंच. तेव्हा तोंड लांब ठेवा आणि हातात नायट्राइलचे मोजे घाला. पातळ मोज्यांतून पेट्रोल लवकरच आरपार येतं, म्हणून भिजले की बदलायचे.

आता आगीचे आकडे, कारण याशिवाय पुढची चर्चा अधांतरी होईल. पेट्रोलचा ज्वलनबिंदू उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे कुठल्याही ऋतूत, कुठल्याही वेळी ते पेटण्याजोगी वाफ सोडतच असतं. हवेत ही वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने पेटते. पाव लिटर पेट्रोल जमिनीवर सांडून पूर्ण उडालं तर ढोबळ हिशेबाने तीन घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. एका छोट्या मोरीएवढी जागा झाली ही.

शून्य_किलोमीटर
तीन घनमीटर?? पाव लिटरमध्ये? वाचनखूण साठवली.

तेलकट_हात
बरं ताई, मागे घेतो. पण मग नळीत पेट्रोल चढवायचं कसं तेही सांगा.

जुना_स्टार्टर
मी सांगतो. तीन सोपे मार्ग आहेत.

बोटीच्या इंजिनाला असतो तसा दाबायचा रबरी फुगा नळीच्या मध्ये बसवायचा. त्यावर बाण असतो, तो पेट्रोल जायच्या दिशेला. चार-पाचदा दाबला की प्रवाह सुरू, मग सायफन आपोआप चालतो. दुसरी, टोकाला पितळी झडप आणि आत गोळी असलेली नळी. टोक पेट्रोलमध्ये बुडवून खालीवर हलवायचं, नळी भरते. तिसरा, हाताने फिरवायचा किंवा ओढायचा पंप, पेट्रोलसाठी म्हणून विकला जातो तोच. तिन्ही प्रकारांत कॅन टाकीपेक्षा खाली हवा, नाहीतर फुगा दाबतच बसाल.

नळी पेट्रोलची रबरी घ्या. बागेची साधी पाइप पेट्रोलमध्ये फुगते, नंतर कडक होते.

जॅक_आणि_ठोकळे
आता क्रम. घाई झाली की लोक यात गडबड करतात.

सगळ्यात पहिल्यांदा बॅटरी. टाकीचं झाकण उघडायच्याही आधी बॅटरीची अर्थिंगची वायर सोडवा आणि बाजूला बांधून ठेवा. पेट्रोल काढताना मध्येच आठवलं म्हणून काढायला गेलात तर नेमकी तिथेच ठिणगी उडते. बॅटरी मेलेली वाटली तरी काढा, मेलेल्या बॅटरीतही ठिणगीपुरता जीव असतो.

मग चाकांना ठोकळे. गाडी उचलायची असेल तर स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो. आग विझवायचं सिलिंडर पावडरचं किंवा फोमचं, हाताशी पण टाकीला चिकटून नाही, चार पावलांवर. पाण्याची बादली ठेवू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. सांडलेल्यावर टाकायला कोरडी वाळू. आणि दुसरा माणूस हवाच. त्याचं काम फक्त बघणं, सिलिंडर कसं चालवायचं ते माहीत असणं आणि कुणी सिगरेट पेटवत येत असेल तर ओरडणं.

मोबाइल घरात. खाली बघायला बल्बचा हातदिवा लावू नका, पडून काच फुटली की तापलेली तार उघडी पडते. उजेडातच काम आटपा.

जुना_स्टार्टर
वरच्यात एक भर. फार जुन्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. म्हणून डोळे झाकून निगेटिव्ह काढू नका. बॉडीला कुठली वायर गेली आहे ते बघा, ती आधी.

उघडं_बॉनेट
खूप आभार! गाडी बाहेर काढली. टायरांनी हवा धरली हे नवलच. टाकीच्या तोंडातून नळी घालून पाहिली (पेट्रोल न काढता, फक्त अंदाज), फूटभर गेल्यावर अडते. मग खालचा बोल्टच काढावा का?

जॅक_आणि_ठोकळे
बोल्ट सगळ्यात शेवटी. कारण सांगतो. तो काढला की प्रवाहावर तुमचा ताबा संपला. वीस लिटर खाली येत असताना कॅन भरला तर बोल्ट परत लावणार कसा? पेट्रोलची धार मनगटावरून कोपरापर्यंत येते, डोळ्यांत जाते, आणि तुम्ही गाडीखाली आडवे पडलेले असता. शिवाय इतक्या वर्षांचा बोल्ट गंजून पत्र्याशी एकजीव झालेला असतो. पान्यावर जोर लावला की बोल्ट फिरायच्या ऐवजी भोवतालचा पत्राच पिळवटतो. तुमचा जोड आधीच पाझरतोय.

म्हणून आधी वरून जमेल तेवढं काढा. बोल्टचा उपयोग तळाला राहिलेल्या लिटर-दीड लिटर गाळासाठी. तेव्हा खाली पसरट धातूची परात आणि पाना न घसरणारा, नीट बसणारा.

नळी अडते आहे ती बहुधा तोंडाच्या वाकणात. नळीचं टोक तिरकं कापा आणि फिरवत फिरवत घाला. नाहीच गेली तर दोन वाटा उरतात. एक, पुढे इंजिनजवळ पंपाला येणारी पेट्रोल लाइन सोडवायची, तिला नळी जोडायची आणि नळीचं टोक टाकीच्या तळापेक्षा खाली नेऊन फुग्याने ओढायचं. मला ही वाट सगळ्यात आवडते. हळू चालते, पण टाकी जवळजवळ बंदच राहते, वाफ कमी सुटते. झाकण मात्र सैल ठेवा, नाहीतर आत निर्वात होऊन प्रवाह थांबतो. काही मेकॅनिकल पंपांना हाताने मारायचा छोटा दांडा असतो, तोही वापरता येतो. अडचण एकच: आतली गाळणी राळेने (शिळ्या पेट्रोलच्या चिकट साक्याने) बुजलेली असली तर थेंबही येणार नाही.

दुसरी वाट डिकीतून किंवा मागच्या सीटखालून काट्याचं युनिट (टाकीतली पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) काढणं. गोल चकती असते, स्क्रूने किंवा फिरवून बसणाऱ्या रिंगने बसवलेली. रिंग असेल तर पितळी किंवा लाकडी तुकड्याने ठोका, पोलादी छिन्नीने नाही. भोवतालची वर्षांची माती आधी ओल्या फडक्याने पुसा. पण लक्षात घ्या, हे भोक उघडलं की वाफ गाडीच्या आत येते. सगळे दरवाजे, डिकी उघडी ठेवून, तासभर हवा खेळल्यावरच पुढचं काम.

बटणदाब
एवढी मेहनत कशाला? ड्रिल मशीनला लावायचा छोटा पंप मिळतो. पाच मिनिटांत टाकी साफ. नाहीतर पाण्याचा बारा व्होल्टचा पंप बॅटरीला लावा.

जुना_स्टार्टर
ड्रिलच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात. चालू ड्रिलच्या मागच्या फटींतून बघा, निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. ते यंत्र तुम्ही उघड्या टाकीच्या तोंडाशी धरणार? ब्रश नसलेली मोटर घेतलीत तरी बटणाचं काय? आणि पाण्याच्या पंपाचं सील पेट्रोलसाठी नसतंच, थोड्या वेळात पाझरायला लागतो, तोही मोटरच्या बाजूला.

पेट्रोल उपसायला बनवलेले, ठिणगी-रोधक पंप असतात. तो असेल तर वापरा. नसेल तर रबरी फुगा. अर्धा तास जास्त गेला तर गाडी काही पळून जात नाही, इतकी वर्षं गेली नाही तर!

बटणदाब
मी दोनदा केलंय, काही झालं नाही.

रसायनवेडी
@बटणदाब, वाफ त्या टक्केवारीत आणि ठिणगी त्या जागी, दोन्ही एका क्षणी जुळावं लागतं. जुळलं नाही म्हणून काही झालं नाही. पेट्रोलची वाफ पेटायला जेमतेम पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. थंडीत दाराच्या मुठीला हात लावल्यावर बोटाला जो चटका बसतो, त्यात याहून जास्त असते.

यावरून स्थिर विजेचं लिहायचं राहिलंच. पेट्रोल नळीतून वाहताना भार तयार होतो. कॅन जमिनीवर टेकलेला हवा. स्टुलावर, डिकीत, प्लॅस्टिकच्या चटईवर नको. पिकअपच्या हौद्यातल्या प्लॅस्टिक अस्तरावर कॅन ठेवून भरताना आगी लागल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. धातूचा कॅन असेल तर तो आणि टाकीचा उघडा पत्रा एका वायरने जोडा, ही जोडणी पेट्रोल वाहायच्या आधी करायची आणि सगळं संपल्यावर काढायची. नळीचं टोक कॅनच्या तळाला टेकवा म्हणजे पेट्रोल उंचावरून फेसाळत पडणार नाही. नायलॉनचं जॅकेट, स्वेटर घालून येऊ नका, आणि मध्येच तर मुळीच काढू नका. सुती कपडे.

शून्य_किलोमीटर
प्लॅस्टिकच्या कॅनला वायर कशी जोडायची?

रसायनवेडी
नाही जोडता येत. प्लॅस्टिक वीज वाहून नेत नाही, म्हणूनच तो जमिनीवर ठेवून हळू भरणं महत्त्वाचं. इंधनासाठी बनवलेलाच कॅन हवा. पाण्याच्या, सरबताच्या बाटल्या कधीच नकोत: झाकण वाफेचा दाब धरत नाही, आणि कुणीतरी पाणी समजून तोंडाला लावतं. काठोकाठ भरू नका. पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं, वीस लिटरचा कॅन वीस अंशांनी तापला की चारशे मिलिलिटर जागा मागतो.

इंजेक्शनवाला
माझ्याकडेही जुनीच गाडी आहे पण इंजेक्शनची. वरचं सगळं तिला लागू होतं का?

जॅक_आणि_ठोकळे
बहुतेक सगळं, पण लाइन सोडवताना वेगळं. तुमच्या लाइनमध्ये इंजिन बंद असतानाही दाब असतो, साधारण ३ बार. यांत्रिक इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांत ५ च्या आसपास. तसाच जोड उघडला तर फवारा तोंडावर. गाडी चालू होत असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बॅटरी सोडवा, मग जोडावर फडकं गुंडाळून हळूच सैल करा. रिले काढून तिथे वायरने पूल करून गाडीच्याच पंपाने टाकी उपसायची युक्तीही लोक करतात, पण बॅटरी जोडलेली ठेवून, उघड्या पेट्रोलशेजारी वायर जोडणं-काढणं हे मला पटत नाही. आणि टाकी कोरडी पडली तर पंपही जळतो, त्याला थंड ठेवायला पेट्रोलच लागतं.

डिझेलप्रेमी
अवांतर: डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं तर ते काढताना "डिझेलच तर आहे" म्हणून निर्धास्त राहू नये. डिझेलचा ज्वलनबिंदू ५० अंशांच्या वर असतो हे खरं, पण थोडं पेट्रोल मिसळलं तरी ते मिश्रण पेट्रोलसारखंच वागतं. चावीही फिरवू नये.

उघडं_बॉनेट
मंडळी, झालं एकदाचं! पुढची लाइन सोडवून पाहिली, थेंब आला नाही (गाळणी बुजलेलीच). मग तिरक्या कापलेल्या नळीने तोंडातून काढलं. तीन कॅन भरले. रंग कोऱ्या चहासारखा. तळाचं बोल्टमधून परातीत सोडलं, त्यात गंजाचा चिखल आणि खाली वेगळाच धुरकट थर दिसतो. तो काय आहे? आणि या पेट्रोलचं करू काय? गवत कापायच्या मशीनला चालेल का? टाकी उद्या उतरवून ओळखीच्या वेल्डरकडे नेतोय. रिकामी आहे, आता काही भीती नाही.

जुना_स्टार्टर
थांबा!! उद्या कुठेही नेऊ नका.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. ताईंनी वर दिलेले आकडे परत वाचा. भरलेल्या, बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की सहसा ७.६ टक्क्यांच्या पुष्कळ वर जाते, पेटायला हवाच नसते. पेट्रोल काढलंत तशी तेवढी हवा आत गेली. आता आत वाफ आहे आणि हवाही आहे. शिळ्या पेट्रोलमधला हलका भाग आधीच उडालेला असतो, त्यामुळे भरलेली होती तेव्हाही ती सुरक्षित होती असं धरता येत नाही, आता तर नाहीच. अशा टाकीला वेल्डिंगची ज्योत लागली तर ती फाटते. पत्र्याचे तुकडे उडतात. अनुभवी वेल्डर यात गेले आहेत.

"धुतली, वास गेला" हेही पुरत नाही. जोडाच्या घडीत, आतल्या आडव्या पत्र्यांच्या मागे, गंजाच्या खपल्यांखाली राळ बसलेली असते. ती गार असताना गप्प असते. तापली की पुन्हा वाफ सोडते, आणि तुम्ही तापवणारच आहात.

पेट्रोलच्या टाक्या दुरुस्त करणारे लोक वेगळे असतात. ते पाण्याच्या वाफेवर उकळून धुतात, जोडापुरती जागा सोडून टाकी पाण्याने भरतात किंवा आत निष्क्रिय वायू सोडतात, आणि वायूमापकाने तपासल्याशिवाय ज्योत पेटवत नाहीत. तुमच्या वेल्डरकडे मापक आहे का, विचारा. "अहो, किती केल्यात अशा" असं उत्तर आलं तर टाकी उचला आणि परत या.

जोड नुसता पाझरत असेल तर ज्योत न लावताही होतं. टाकीत आतून फिरवायचं सीलंट मिळतं. पण त्याआधी गंज आणि राळ पूर्ण निघायला हवी, नाहीतर त्याचेच पापुद्रे सुटून लाइन बुजवतील. पत्रा खूप सडला असेल तर दुसरी टाकी बघा.

रसायनवेडी
धुरकट थर पाण्याचा, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर पाणी अधिक इथेनॉलचा. ई१० (दहा टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल जेमतेम अर्धा टक्का पाणी सामावून घेतं. त्यापुढे इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. पत्रा नेमका तिथेच सडतो. तो थर "पाणीच आहे" म्हणून गटारात ओतू नका, तोही पेटू शकतो.

तीन कॅनचं पेट्रोल गवताच्या मशीनला घालू नका. कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं म्हणजे राळ विरघळलेली आहे, ती त्या छोट्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसेल. थोडंसंच शिळं, रंगाने फिकट, पाणी नसलेलं पेट्रोल ताज्यात थोडं थोडं मिसळून संपवता येतं. हे त्यातलं नाही. घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे किंवा जुनं तेल-इंधन घेणाऱ्या वर्कशॉपकडे विचारा. आधी फोन करा, सगळेच पेट्रोल घेत नाहीत. कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहा: "शिळं पेट्रोल, वापरू नये". परातीतला गंजाचा चिखलही झाकणाच्या डब्यात, त्याच्याबरोबर. भिजलेली फडकी बाहेर पसरून वाळू द्या, गुंडाळी करून कोपऱ्यात फेकू नका.

तेलकट_हात
माझ्या पूर्वीच्या सल्ल्याबद्दल कुणी बोलू नये ही विनंती. टाकी उतरवताना खाली जॅकवर लाकडी फळी ठेवा, पट्टे एकेक करून सैल करा. तोंडाची रबरी नळी आणि वरची वाफेची बारीक नळी आधी सोडवा, नाहीतर टाकी अर्धवट लटकते आणि ती बारीक नळी तुटते. काट्याची वायर तर सगळेच विसरतात.

उघडं_बॉनेट
वेल्डर रद्द. फोन केला, मापक नाही म्हणाला, वर हसला. टाकी दुरुस्त करणाऱ्यांचा शोध सुरू आहे. तोवर ती गाडीवरच ठेवू की उतरवून ठेवू?

जॅक_आणि_ठोकळे
उतरवा, पण घरात किंवा गॅरेजात आणू नका. बाहेर सावलीत, लहान मुलं आणि ज्योत यांपासून लांब, तोंड बंद करून ठेवा, आणि वर "रिकामी नाही, आत वाफ आहे" असं खडूने लिहा. गाडीकडच्या लाइनच्या उघड्या टोकात बूच मारा. आणि काट्याच्या युनिटचं गॅस्केट नवीन घ्या, जुनं कितीही चांगलं दिसत असलं तरी. नंतर टाकी पूर्ण भरली की तिथूनच गळतं.